फुग्यातला मजकूर

आमच्या ह्यांनी सव्वीस वर्षं एकाच माणसाला कागदावर पळवलं. पेंगुळे त्याचं नाव, धंदा पहारेकऱ्याचा. झोपाळू इतका, की चोर त्याला ओलांडून आत जायचा आणि बाहेर येताना त्याच्याच पायात अडकून पडायचा. दर महिन्याला चित्रकथेची चोवीस पानं. हे चित्रं काढायचे, शाई भरायचे, पात्रांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे गोल करायचे आणि पान टेबलावरून माझ्याकडे सरकवायचे. फुग्यात काय लिहायचं ते वेगळ्या चिठ्ठीवर असायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझं. मला तर वाटतं, आमचं लग्नही अक्षरावरूनच ठरलं.

आता गंमत अशी, की ह्यांची चिठ्ठी लांबलचक आणि फुगा लिंबाएवढा. चोर पायात अडकला की चिठ्ठीत असायचं, ‘थांब चोरा, आता तुझी सुटका नाही, मी तुला रंगेहाथ पकडले आहे.’ हे लिंबात कसं मावणार? मी लिहायचे, ‘हळू. मी झोपलोय.’ मावायचं. पुढे पुढे मी चिठ्ठी एकदा वाचून बाजूला ठेवायची आणि जागा बघून लिहायचं, असंच होऊन बसलं. ह्यांना पत्ताच नाही. छापील अंक हातात आला की हे फक्त शाई कुठे फुटली आणि बोटं नीट उमटली का, तेवढं बघायचे. मी सांगितलं का नाही? विचारलं नाही म्हणून. शिंपी कपडा आखूड करतो, म्हणून काही कपडा त्याचा होत नाही.

मग मासिक बंद पडलं आणि एका कंपनीचं बोलावणं आलं. पेंगुळेचा हलत्या चित्रांचा सिनेमा करायचा, दिग्दर्शक हे. वय चौपन्न. दुसऱ्या मजल्यावर काळे पडदे लावलेली खोली, सहा टेबलं, पाच तरुण चित्रकार. पहिल्याच दिवशी त्यांतल्या एका मुलीने विचारलं, “सर, पेंगुळे खुर्चीवरून दारापर्यंत जातो कसा?”

“गेला ना. पुढच्या चौकटीत दारातच आहे तो.”

“पण मधे काय होतं?”

“मधे रेघ असते,” हे म्हणाले.

सव्वीस वर्षं पेंगुळेला चालवायचं काम वाचकांनी मनातल्या मनात केलं होतं, आणि हे ह्यांना त्या दिवशी कळलं. घरी येऊन मला म्हणाले, “जरा ऊठ बघू.” मी उठले. “परत बस. आता ऊठ.” असं मला चाळीस वेळा उठवलं. माणूस उठताना आधी पुढे झुकतो, हा शोध लागला तेव्हा माझे गुडघे बोलायला लागले होते.

तीन महिन्यांत पेंगुळे चालायला लागला. सहा मिनिटांचा तुकडा तयार झाला आणि कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना बसवून दाखवला. मीही होते. पेंगुळे सुंदर उठला, सुंदर चालला आणि म्हणाला, “थांब चोरा, आता तुझी सुटका नाही.” कुणी हसलं नाही. एक जण खोकला. साहेब सभ्य माणूस, ते म्हणाले, “पूर्वी मजा यायची हो. महिनाभर बघू, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल.” कागदोपत्री पेंगुळे कंपनीचा झाला होता. ह्यांना वगळूनही सिनेमा करायला ते मोकळे होते.

हे गोंधळून गेले. चित्रं तीच, माणूस तोच, लेखणी तीच, मग हसू गेलं कुठे? विनोद जमणारा कुणी मिळतो का म्हणून गावभर फिरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मीही काही कमी गोंधळले नव्हते. सांगावं, तर ह्यांची सव्वीस वर्षं हिरावून घेतल्यासारखं. न सांगावं, तर पेंगुळे जातो. आणि खरं सांगते, कंपनीतून एकाही माणसाने मला काही विचारलं नाही, याचा मला रागही आला होता.

शेवटी जुने अंक काढून ह्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, “चित्रं बघू नका. वाचा.”

दुपारभर वाचत होते. दोनदा स्वतःशीच हसले, मग हसायचे थांबले.

“हे मी लिहिलेलं नाही.”

“नाही.”

“मग असं का लिहिलंस?”

“जागा कमी होती.”

“लोकांची पत्रं यायची. काय बोलतो तुमचा पेंगुळे, म्हणायचे. ती मला का यायची?”

“पत्ता तुमचा होता,” मी म्हणाले.

चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी कंपनीतल्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे आदळला आणि म्हणाले, “लिही.” मी बसले, आणि एक अक्षर सुचेना. “जागा किती आहे?” मी विचारलं. म्हणाले, “जागा नसते, सेकंद असतात.” सेकंदात किती मावतं, मला काय ठाऊक? दोघेही डोक्याला हात लावून बसलो. मग ह्यांनी सिनेमात न उमटणारी निळी पेन्सिल घेतली आणि सिनेमाच्या चित्रांवर, जिथे कधी कुणाला दिसणार नव्हते, तिथे पेंगुळेच्या डोक्यावर फुगे काढून दिले. नेहमीसारखे लिंबाएवढे. मी भरत गेले. महिनाअखेरीस साहेब डोळे पुसेपर्यंत हसले, आणि हे त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिले. ह्यांना आनंद झाला होता की वाईट वाटत होतं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

सिनेमा पुरा झाला तेव्हा हे म्हणाले, “शेवटची नावं यंत्रातल्या अक्षरांत नकोत. तू काढ.” मी जाड निबाने एकवीस नावं काढली. दिग्दर्शन, चित्रं, रंग, आवाज, सगळी. शाई वाळल्यावर ह्यांनी कागद हातात घेऊन एकेक नाव वाचलं.

“चुकलंय,” म्हणाले.

मी चष्मा लावला. काना, मात्रा, वेलांट्या बघितल्या. ओळी सरळ होत्या, अंतर सारखं होतं.

“कुठे?”

ह्यांनी ‘संवाद’ या शब्दापुढे बोट ठेवलं. तिथे ह्यांचंच नाव होतं. मी ते दोनदा वाचलं, अक्षर न् अक्षर.

“बरोबर तर आहे,” मी म्हणाले.