बाळ माझ्या हातात देऊ नका

गेल्या रविवारी गारखेड्याला माझ्या भाच्याचं बारसं झालं. मी सख्खी आत्या, तीही एकुलती एक. नवी साडी, बाळाला झबलं, वाळे, सगळं घेऊन ठेवलं होतं... आणि तरी जाऊच नये असं वाटत होतं.

कारण सांगते. मागे मला किडनीचं मोठं इन्फेक्शन झालं होतं, ॲडमिट होते, बरेच दिवस इंजेक्शनं चालू होती. त्या इंजेक्शनांनी जीव वाचला, ते मी नाकारत नाही. पण घरी आल्यावर अंघोळ करताना डोळ्यांत साबण गेला म्हणून डोळे मिटले, तर सरळ भिंतीवर जाऊन आदळले.

तेव्हापासून हे असंच आहे. उजेड असला आणि डोळे उघडे असले की मी चालते, स्वयंपाक करते, सगळं करते. चालताना दुकानांच्या पाट्या हलल्यासारख्या दिसतात, त्याचीही सवय झाली. पण अंधार झाला की पायाखाली जमीन आहे की नाही हेच कळत नाही...

कानाच्या एका डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, त्या इंजेक्शनांमुळे कानातला तोल सांभाळणारा भाग गेलाय. व्यायामाने सुधारेल तेवढं सुधारेल, बाकी आता असंच राहणार.

घरात कुणाला पटलं? छे! ऐकू नीट येतं, एमआरआय नॉर्मल, दिसायला धडधाकट. आई म्हणते, टेन्शन घेतेस. भाऊ सचिन वाळूजला कंपनीत आहे, तो म्हणतो, ताई तू आधी गूगल बंद कर. आणि फुलंब्रीच्या मोठ्या काकूंचं तर ठरलेलंच, "इंजेक्शनानं कुठं तोल जात असतो का? आम्ही काय कमी सुया टोचून घेतल्या? लई लाडावून ठेवलंय हिला!"

आता बारशात काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बायका बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देतात. मग आत्या वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि मागून सगळ्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. म्हणजे वाकायचं, बाळ धरायचं, वर धपाटे खायचे... माझ्यासाठी मुद्दाम शोधून काढल्यासारखं!

आदल्या दिवशी मी घरी प्रॅक्टिस केली. हसू नका. बाळाच्या वजनाएवढी तांदळाची पिशवी घेतली, डायनिंग टेबलाखालून ती पलीकडे द्यायला वाकले आणि मान वर करताना तोल गेला. पिशवी फुटली, तांदूळ फ्रिजखालपर्यंत गेले. मी तिथंच बसून रडले, कारण मला सारखं बाळच दिसत होतं.

आईला फोन करून सांगितलं, बाळ माझ्या हातात देऊ नका, मी नुसतं नाव सांगते. आई चिडलीच. "सख्खी आत्या बाळ घ्यायला नको म्हणते? पल्लवीच्या माहेरचे काय म्हणतील?" पल्लवी म्हणजे माझी भावजय. तिलाही वाटलं की मला बाळाचं कौतुक नाही, ती माझ्याशी नीट बोललीसुद्धा नाही. शेवटी मी गप्प बसले. तीच चूक झाली.

रविवारी हॉलमध्ये लख्ख ट्यूब होत्या. बाळ माझ्याकडे आलं... मऊ, गरम, अंगाला वेखंडाचा वास. पाय फाकवून उभी राहिले, नजर पाळण्याच्या दोरीवर ठेवली. जमेल असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "अरे वो लाईटां बंद करो, डेकोरेशन मस्त दिखता!" आणि कुणीतरी पटापट बटणं बंद केली. पडदे आधीच ओढलेले होते.

मी "नको" म्हणेपर्यंत जमीन गेली. बायका गातच होत्या. एवढंच कळत होतं की पडायचं तर बाळाला वर ठेवून पडायचं. त्याला छातीशी आवळलं आणि दाणकन फरशीवर बसले... कंबरेत कळ गेली ती अजून आहे. बाळ जोरात रडायला लागलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

लाईट लागले. काकू लगेच, "उपास धरला असंल, नाय तर अशी चक्कर कशी येईल!" मला बाळ सोडवत नव्हतं. आता पल्लवी ते हिसकावून घेणार आणि पुन्हा कधीच देणार नाही, याची खात्री होती. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

ती माझ्यासमोर फरशीवर बसली. आधी बाळाचं डोकं, हातपाय सगळं चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "ताई, लाईट गेला नि तुम्ही पडलात. तुम्ही सांगत होता तसंच झालं." आणि मोठ्याने सगळ्यांना बजावलं की आता बटणांना कुणी हात लावायचा नाही, ताई इथंच बसून नाव सांगतील.

बाळ तिच्या मांडीवर होतं. मी बसूनच त्याच्या कानाशी वाकले. कुर्रर्र... विहान. सवयीने बायकांचे हात वर झाले आणि मी अंग चोरलं. पण पाठीवर एकच हात आला, आणि तो मारत नव्हता, मला धरून होता. वळून पाहिलं तर आई.

भीती गेलेली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. अंधारात अजूनही भिंत धरून चालते, पुढेही तशीच चालेन. काकू तर अजून उपासावरच अडून आहेत.

पण काल पल्लवी विहानला घेऊन माझ्याकडे आली होती. भर दुपार, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं... तरी तिनं आधी ट्यूब लावली, आणि मग बाळ माझ्या हातात दिलं.