आतले नंबर

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि नागपुरातल्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोन सुपरवायझर होतो. कचेरीच्या दोन इमारती, जुनी आणि नवी. दोन्हींत वेगवेगळी एक्स्चेंज, आणि दोन्हीकडचे आतले नंबर दोन आकडी, तेच ते. एकवीस जुन्या इमारतीतही होता आणि नवीतही. आता दोन्हींसाठी एकच एक्स्चेंज यायचं होतं. म्हणजे नंबर नव्याने ठरवायचे होते, आणि ऑपरेटर दोघांऐवजी एकच राहणार होता.

जुन्या इमारतीचे ऑपरेटर आंधळे होते. कन्हानहून रोज बसने यायचे. सगळे त्यांना काका म्हणत. साठ-सत्तर नंबर त्यांना तोंडपाठ होते. यादी लागत नसे.

मॅनेजरांनी बैठक घेतली, तेव्हा मी अजून कागदावर रेघा मारत होतो. काका कोपऱ्यातून म्हणाले, "साहेब, जुन्या इमारतीच्या नंबराआधी एक लावा, नव्याच्या आधी दोन. कोणालेच नवीन काही पाठ करा लागत नाही."

मॅनेजर हसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डोळे असलेल्याला हे का दिसलं नाही?" सगळे हसले. मीही हसलो.

काकांची योजना बरोबर आहे हे मला तिथेच कळलं होतं. म्हणूनच मी ती घेतली नाही. इमारतीप्रमाणे नव्हे, खात्याप्रमाणे नंबर द्यायचे असं मी ठरवलं. हिशेब खात्याला दोनशे दहा ते दोनशे एकोणीस, स्टोअरला दोनशे वीसपासून पुढे, प्रत्येक खात्याला दहा. कागदावर ते फार देखणं दिसलं आणि मंजूर झालं. काकांना पाठ असलेला एकही नंबर त्यात उरला नाही.

नव्या इमारतीच्या ऑपरेटरला यादी आठवडाभर आधी मिळाली. काकांना मी शनिवारी कचेरी सुटताना दिली. दोघांची चाचणी सोमवारी होती. जो चुकणार नाही, त्याची खुर्ची.

सोमवारी मी लवकर गेलो. बोर्डावर काका आधीच बसलेले होते. रविवारभर शेजाऱ्याकडून यादी वाचून घेतली होती. ते ती धडाधड म्हणून दाखवू लागले. एकही चूक नाही. मी ऐकत उभा राहिलो.

मग मी जागेवर जाऊन चार नंबरांची अदलाबदल केली. त्यांत मॅनेजरांचा एक होता. दुरुस्तीची चिठ्ठी टाइप करून बोर्डाच्या काचेखाली, ठळक दिसेल अशी लावली. काकांना सांगितलं नाही.

मॅनेजरांसाठी आलेला पहिलाच फोन काकांनी कॅन्टीनला जोडला. दुसराही. मॅनेजर स्वतः खाली आले.

"साहेब, शनिवारच्या यादीत तर हाच नंबर होता," काका म्हणाले.

"काका, समोर चिठ्ठी लावली आहे ना," मी म्हणालो.

कोणीतरी फिसकन हसलं. काकांनी हात पुढे केला. बोटं काचेवर इकडून तिकडे फिरली. काच गुळगुळीत होती. त्यांनी हात मागे घेतला. पुढच्या महिन्यापासून ते मागच्या गोदामात रिकाम्या पोत्यांच्या घड्या घालू लागले.

चार वर्षांत माझी योजना कोलमडली. हिशेब खात्याचे दहा नंबर संपले, नवे स्टोअरच्या रांगेत घुसवावे लागले, आणि कोणाचा फोन कुठे वाजेल याचा नेम राहिला नाही. तेव्हा मी जुने दोन आकडी नंबर परत आणले आणि त्यांच्याआधी इमारतीप्रमाणे एक किंवा दोन लावला. टिपणीवर माझं नाव घातलं. मॅनेजरांनी पाठ थोपटली. त्यांना ती बैठक आठवत नव्हती.

काकांना मात्र आठवत होती. दुसऱ्याच दिवशी ते भिंत धरत माझ्या टेबलापाशी आले. बाह्यांना सुतळीचे धागे चिकटलेले होते.

"साहेब, आता मले सारे नंबर येतेत."

"काका, जागा भरली आहे," मी म्हणालो.

"जागा मागून नाही राहिलो. फक्त सांगून राहिलो."

त्या चिठ्ठीबद्दल मी तेव्हाही बोलू शकलो असतो. मी फाइल उघडली आणि ते जाईपर्यंत पानं उलटत राहिलो.