पहिल्या नंबराचा वाद

"एक झाला. दुसरा बोल."

असं म्हणताना सर तीन बोटं समोर धरून बसायचे. अमुक खेळाडू फार मोठा असं कोणी म्हणालं, की त्याच्या खेळाचं एक बोट मिटायचं. दुसरा खेळ सांगितला, की दुसरं. तिसऱ्याशी बहुतेकांचं गाडं अडायचं आणि तिसरं बोट तसंच ताठ राहायचं. मग सर शांतपणे चहा प्यायचे. परळच्या आमच्या कॉलेजात दुपारच्या वेळी जिमखान्याच्या खोलीवरून तुम्ही कधी गेला असाल, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

ते आमचे खेळाचे सर. मी तिथेच अकाउंट्स शिकवायचे आणि तास संपला की त्यांच्या खोलीत जाऊन टेकायचे. तिथे वर्षानुवर्षं एकच वाद पेटलेला असायचा. कॉलेजात आजवर झालेल्या खेळाडूंमध्ये सगळ्यात मोठा कोण? तोही एका खेळातला नव्हे, निदान तीन खेळांतला. "एकच खेळ घोटून घोटून कोणालाही येतो," सर म्हणायचे. "दुपारी मातीत कबड्डी खेळून संध्याकाळी जो लांब उडीला उभा राहतो, त्याचं बोला."

एकदा एका मुलाने तिसरा खेळ म्हणून कॅरम सांगितला. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याने आपणहून शब्द मागे घेतला. "बसून खेळायचं ते इथे धरायचं नाही," सर म्हणाले. कॅरमवाल्यांनी माझ्यावर रागावू नये, मी फक्त झालं ते सांगते आहे.

स्वतः सर फक्त खो-खो खेळलेले. कोणी विचारलं तर सरळ सांगायचे, "आपण या यादीत बसत नाही बाबा." माणूस भलता कडक. एकदा पंच म्हणून उभे असताना त्यांनी आपल्याच कॉलेजच्या मुलीचा फाऊल दिला आणि आम्ही जिंकत आलेला सामना हरलो. मुली कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. मीही तणतणले होते, खोटं कशाला बोलू! पण सरांना त्याचं काही नाही. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, हा त्यांचा हट्टच होता.

आणि हाच हट्ट एकदा त्यांच्या घरच्याच माणसाला भोवला.

सरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. काळाचौकीला राहायची दोघं. वहिनी आमच्याच कॉलेजच्या, सरांच्या पुढच्या वर्गातल्या. खो-खो, कबड्डी आणि लांब उडी, तिन्हीत कॉलेजकडून खेळलेल्या, तिन्हीत बक्षिसं आणलेल्या. तेव्हा त्या शालन परब होत्या. खोलीतल्या वादात कोणी परबचं नाव काढलं, की सर म्हणायचे, "तो विषय नको." आम्हाला वाटायचं, लाजताहेत. आम्ही हसून सोडून द्यायचो.

मग कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला. सर्वोत्तम बहुखेळाडूंच्या नावांचा फलक जिमखान्याबाहेर लावायचं ठरलं. नावं आणि त्यांचा क्रम ठरवायला तिघांची समिती नेमली: सर, इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि मी. तुम्ही म्हणाल, अकाउंट्सवालीचं तिथे काय काम? वाद ऐकून ऐकून मीही तयार झाले होते.

पाच नावांची यादी झाली. प्राध्यापक म्हणाले, "अहो, परब राहिली की!"

"समितीत मी आहे," सर म्हणाले. "माझ्या घरचं नाव नको."

माझं डोकंच फिरलं. "सर, हा कुठला न्याय? तुमच्या खुर्चीची शिक्षा वहिनींना का?"

"लोक काय म्हणतील, मॅडम? नवऱ्याने बायकोचं नाव घुसवलं म्हणतील."

मी भांडले. खूप भांडले. पण अध्यक्ष ते, आणि ऐकतील तर ते सर कसले! फलक रंगून आला तो परबशिवाय.

समारंभाला वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. फलकावरचा पडदा सरकला. त्यांनी नावं वरून खाली वाचली आणि मग पुन्हा एकदा वाचली. टाळ्यांमध्ये त्यांनीही टाळ्या वाजवल्या. 

चहाच्या वेळी सर, वहिनी आणि मी एका कोपऱ्यात उभे होतो. वहिनींनी विचारलं, "अहो, माझं नाव राहिलं की काढलंत?"

"काढलं. मी समितीत होतो ना."

"मी खेळत होते तेव्हा तुमची कोण होते मी?"

सर चहाच्या कपात बघू लागले.

"कोणी नव्हते. तुमचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. ते सगळं माझं एकटीचं आहे. ते तुम्ही कसं काढलंत?"

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हातातली समोशाची बशी त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्या घरी निघून गेल्या. सर तसेच उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांच्याशी बोलावंसं मला वाटतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर आले ते दाढी न करता. ती गोष्ट आम्हाला नवीनच. "मी समितीतून उठतो," म्हणाले. "माझी चूक झाली. परबचं काय ते तुम्ही दोघं ठरवा." आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

प्राध्यापकांनी आणि मी सगळी दुपार घालवली. परब ही सरांच्या घरची आहे हे आम्ही विसरायचं ठरवलं आणि खरोखर विसरलो. पहिल्या नंबरावर आधीच वडाळ्याची एक मुलगी होती, परबच्याच वेळची. दुसऱ्यावर वरळीचा एक मुलगा होता. ती दोघं तिथेच राहिली. परब तिसरी आली. मी बाहेर जाऊन सरांना सांगितलं.

"तिसरी?" सर उठून उभे राहिले. "तिसरी कशी? वडाळ्याची पहिली कशी काय?"

"सर, तुम्ही आता समितीत नाही."

"नाही ना? मग आता मला बोलायला काय हरकत आहे? पहिली परब!"

फलक पुन्हा रंगवला. वहिनी एका दुपारी एकट्याच येऊन तो बघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "माहेरचं नाव कितीतरी वर्षांनी कुठे लिहिलेलं दिसलं हो." चेहरा असा फुलला होता, की मलाच भरून आलं.

सरांनी मात्र त्या दिवसापासून निःपक्षपातीपणा पार गुंडाळून ठेवला. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. भाजी घेताना, गणपतीच्या मंडपात, कोणीही भेटो, पहिली परब हेच सुरू. लोक कौतुकाने ऐकायचे, मग हळूच काढता पाय घ्यायचे.

सर गेले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांना भेटायला इस्पितळात गेले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला पाहिल्याबरोबर म्हणाले, "मॅडम, पहिली परबच."

"झालं यांचं सुरू," वहिनी म्हणाल्या. त्या मोसंबी सोलत होत्या. "अहो, ती वडाळ्याची माझ्यापेक्षा भारी होती. मी तिच्याशी खेळलेय, मला माहीत नाही? शेवटच्या वर्षी लांब उडीत तिने मला हरवलं. काय उडी होती ती! तुम्ही तिथेच तर होतात, वाळूच्या खड्ड्यापाशी. आठवते ना?"

"नाही."

"नाही कशी? माझ्यानंतर लगेच तिचीच उडी होती."

सरांनी मान वहिनींकडे वळवली. मग म्हणाले, "तुझी उडी झाली आणि तू वाळू झटकत बाजूला गेलीस. मी तिकडेच बघत राहिलो. तिची उडी मी पाहिलीच नाही."

वहिनींचा हात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं माझ्याशी न बघताच भांडत होतात?"

"हो."

वहिनींनी त्यांच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली आणि आमच्याकडे पाठ करून त्या पुन्हा मोसंबी सोलू लागल्या. साल काही नीट निघत नव्हती.

"गप्प पडा आता," त्या म्हणाल्या.