शाळेच्या हॉलमधल्या दोन गिटारी
पुऱ्या तळल्याचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचा पाडवा होता आणि ओळखीचं एक वयस्कर गिटारवादक जोडपं मी आग्रहाने बोलावलं होतं. तो रशियन शास्त्रीय संगीत शिकलेला, ती युरोपातल्या भटक्या रोमा लोकांतली. दोघं मिळून दोन्हीकडची गाणी एकात एक गुंफायची. स्पॉन्सरांच्या शाल-श्रीफळात तास गेला, तरी ती दोघं विंगेत गिटारी मांडीवर घेऊन शांत बसली होती. मग त्यांनी एका गाण्याची अगदी संथ सुरुवात केली, कारण ते गाणं हळूहळू चढत जातं आणि शेवटी माणसाला नाचायलाच लावतं. दोन मिनिटंही झाली नसतील, कमिटीतले काका माझ्या कानाशी आले. "अरे, पुऱ्या गार होतायत. बुफे ओपन झालाय म्हणून अनाउन्स कर. वाजवू देत की त्यांना बॅकग्राउंडला." खुर्च्या करकरल्या, हॉल रिकामा झाला, आणि ती दोघं तो नाचाचा भागसुद्धा शेवटपर्यंत वाजवत राहिली. काकांना मी आजतागायत माफ केलेलं नाही. पण माईक माझ्या हातात होता, आणि पुऱ्या गरम आहेत, हे मीच सांगितलं.