शुभदाचा नंबर

मोबाइलवर नाव शुभदाचंच आलं होतं. म्हणून मी नेहमीसारखं ‘बोल गं’ म्हटलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरत कणीक मळत राहिले. पलीकडून वेगळाच आवाज आला. टिटवाळ्याच्या तिच्या इमारतीतल्या शेजारीणबाई बोलत होत्या. ‘तुम्ही त्यांच्या वहिनी ना… जरा लवकर या.’ काय झालं, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी दर वेळी तेवढंच सांगितलं, लवकर या. डोंबिवलीहून रिक्षाने निघालो तेव्हा वाटेत मी ह्यांना सांगत होते, चक्कर आली असेल, हल्ली जेवतच नाही धड. हे रिक्षावाल्याला सारखं लवकर घ्यायला सांगत होते. बहीण त्यांची, त्यांना बहुधा कळून चुकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. दूध घ्यायला तिने दार उघडलं, पिशवी आत नेली आणि ओट्यापाशीच खाली बसली ती… हृदयविकाराचा झटका. साठीलाही पोचली नव्हती. शेजारीणबाईंनी तिचा फोन माझ्या हातात ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या तो वाजायला लागला.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. तो फोन अजून माझ्याकडे आहे आणि अजून वाजतो.

शुभदा माझी नणंद. वयाने माझ्याच बरोबरीची, त्यामुळे आमच्यात ‘अहो-जाहो’ कधी आलंच नाही. लग्न तिने केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांना ती ‘राहून गेलं’ एवढंच सांगायची. सासूबाई होत्या तोवर दोघी ठाण्यात टेंभी नाक्याजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. माजिवड्याला एक खासगी डायलिसिस केंद्र निघालं, तेव्हापासून ती तिथे नोकरीला होती. कोणत्या पेशंटला कोणत्या दिवशी, कुठल्या वेळेला मशीन मिळणार, हे ठरवायचं तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण ज्यांची किडनी गेली त्यांना आठवड्यातून तीनदा तिथे चार-चार तास पडून राहावं लागतं, जन्मभर. कोणाची मुलगी नोकरीवरून सुटल्याशिवाय आणायला येऊ शकत नाही, कोणाला सकाळी उपाशी राहिलं की चक्कर येते, कोणाची शुगर खाली जाते. हे सगळं सांभाळून ती वेळा बसवायची, आणि एकाची वेळ बदलली की सगळ्यांच्या हलायच्या.

केंद्र सुरू झालं तेव्हा तिथे टेलिफोनसुद्धा नव्हता. मालक डॉक्टर तिला म्हणाले, ‘तात्पुरता तुमचा मोबाइल नंबर टाकू या कार्डावर.’ तिने हो म्हटलं. तो नंबर तिने त्याच्याही कितीतरी आधी, स्वतःच्या नावावर घेतलेला. सासूबाईंना तोंडपाठ असलेला तो एकुलता एक नंबर. तो कार्डावर छापला गेला, मग पाटीवर रंगवला गेला, मग आसपासच्या औषधांच्या दुकानांत आणि रिक्षावाल्यांच्या फोनमध्ये गेला. तात्पुरतं ते तात्पुरतंच राहिलं, वर्षानुवर्षं. आमच्याकडे गणपतीत आरतीला उभी असायची आणि टाळ माझ्या हातात देऊन गॅलरीत जायची. ‘हो काका, उद्या साडेसातलाच या. पोहे खाऊन या.’

मग केंद्र विकलं गेलं. घेणारी कंपनी मोठी होती, गावोगावी केंद्रं असलेली. नवे मॅनेजर आले, तरुण, नम्र, प्रत्येक वाक्यात मॅडम. त्यांनी वेळा कॉम्प्युटरवर लावायला सुरुवात केली आणि शुभदाने जुळवून ठेवलेलं सगळं विस्कटलं. म्हातारी माणसं संध्याकाळच्या पाळीला ढकलली गेली. ती काही महिने भांडली. मग एक दिवस आमच्याकडे आली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, ‘वहिनी, मी राजीनामा दिला. दमले गं.’

तिला वाटलं होतं, तिथे सगळं संपलं. पण शेवटच्या दिवशी मॅनेजरनी तिला बोलावून घेतलं. तो प्रसंग तिने मला इतक्या वेळा सांगितला की मी तिथे असल्यासारखा तो मला दिसतो.

‘मॅडम, नंबर इथे जमा करावा लागेल.’

‘नंबर माझा आहे. सिम माझ्या नावावर आहे. बिल मी भरते.’

‘ते बरोबर आहे मॅडम. पण पेशंट आमचे आहेत ना.’

मला सांगताना ती दर वेळी इथे थांबायची. ‘त्याचंही खोटं नव्हतं गं… पण माझा नंबर मी कसा देऊ?’ तिने दिला नाही. त्यांनी मग तिचं अनुभवपत्र अडवून ठेवलं. पेशंट दुसरीकडे पळवाल, असं कोणीतरी तिला तोंडावर म्हणालं. इतकी वर्षं तिथे काढलेल्या बाईला.

अनुभवपत्राशिवाय मोठ्या हॉस्पिटलात कोणी उभं करेना. त्याच सुमारास कल्याणच्या एका दुसऱ्या केंद्राने तिला बोलावलं. अनुभवपत्र नसलं तरी चालेल म्हणाले, पगार चांगला देऊ म्हणाले, फक्त ‘तोच नंबर सुरू ठेवा आणि येणाऱ्या फोनना आमचा पत्ता सांगा.’ ती जिना उतरून थेट माझ्याकडे आली. मी चहा ठेवला. कप तसाच खाली ठेवून ती म्हणाली, ‘दोघांनाही मी नको होते वहिनी. नंबर हवा होता.’ ती नोकरी तिने घेतली नाही. सासूबाई तोवर गेल्या होत्या. ती टिटवाळ्याच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि कल्याणात एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली.

फोन मात्र यायचेच. कार्डं लोकांच्या पाकिटांत होती, ती कोण परत मागणार? शुभदा प्रत्येकाला सांगायची, मी आता तिथे नाही, नवा नंबर लिहून घ्या. लोक लिहून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिलाच करायचे. नवा नंबर उचलत नाहीत, म्हणायचे. किंवा काहीच कारण नसायचं. सुई टोचलेल्या जागी सूज आलीय, दाखवू का? एक कलिंगडाची फोड खाल्ली तर चालेल का? गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना तिच्या पर्समध्ये फोन थरथरत असायचा. दुकानाचे मालक भले होते, पण तेही कंटाळले. मी तर चिडायचेच. ‘अगं, नंबर बदल ना सरळ. किंवा दुसरा तरी घे.’

‘दोन फोन सांभाळायला मी काय मंत्री आहे?’

एका रविवारी ती आमच्याकडे आली, चेहरा अगदी ओढलेला. मटार सोलायला बसली आणि सोलता सोलता तीनदा उठली. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी फोन तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, ‘आजचा दिवस बंद.’ तिने विरोध केला नाही. मी फोन बंद करून कपाटात ठेवला. दुपारी ती जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. तोंडावर उशीच्या अभ्र्याची वळी उमटलेली. असं तिला झोपलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. रात्री राहिलीही आमच्याकडेच.

दुसऱ्या दिवशी ती सुट्टी काढून टिटवाळ्याला गेली, तर दारात गायकवाडकाका बसलेले. कल्याणचे, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, तिच्या सर्वांत जुन्या पेशंटपैकी एक. हाताला पट्टी, पायावर सूज, आणि लिफ्ट बंद म्हणून जिना चढून आलेले. शेजारीणबाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली होती. शुभदाला बघून त्यांनी आधी नुसती मान हलवली. मग म्हणाले, ‘काल दिवसभर बंद लागला. मॅडम, आम्हा पेशंटांमध्ये फोन बंद लागला म्हणजे माणूस गेला…’ पाणी प्यायले, डायलिसिसवाल्यांना मोजून प्यावं लागतं तेवढंच, आणि निघाले. त्यांना इतकंच बघायचं होतं.

त्यानंतर मी तिला नंबर बदल म्हणून कधी सांगितलं नाही. तिनेही फोन कधी बंद ठेवला नाही. ती काही संत नव्हती. फोन ठेवल्यावर कपाळाला हात लावायची, पुटपुटायची, एखाद्याला चांगलं झापायची. ‘काका, मी चष्मे विकते आता. चष्म्याचं विचारा काहीतरी.’ पण उचलायची.

ती गेल्यावर तिच्या फोनवरून पहिला फोन मी स्वतःहून गायकवाडकाकांना केला. तिचं नाव दिसल्यावर ते ‘बोला मॅडम’ म्हणाले. मी माझं नाव सांगितलं, आणि मग शुभदा गेल्याचं. ते म्हणाले, ‘तुम्ही जेवलात का?’ बाकीच्यांना फोन येतील तसतसं मी सांगत गेले. एकच वाक्य, तेच ते. काही जण रडले. एक बाई म्हणाल्या, अहो, पण त्या तर पेशंट नव्हत्या. एकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग बुधवारची वेळ कोणाला विचारायची? मला त्याचा राग आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो.

बँकेची वगैरे कामं आटोपल्यावर माझा मुलगा म्हणाला, ‘आई, आता सिम बंद करून टाकू. तू किती दिवस हे करत बसणार?’ मीही हो म्हटलं. खरंच दमले होते मी.

गेल्या आठवड्यात तिचं घर आवरायला एकटीच गेले. भांडी बांधली, साड्या शेजारच्या बायकांना दिल्या. गॅलरीत तिची प्लास्टिकची खुर्ची होती, पाठीला जुनी उशी बांधलेली. बसून बोलायची तिची जागा. शेजारी भिंतीवर डोकं टेकून टेकून रंग काळपट झालेला, तेवढाच एक गोल. मी तिथे टेकले, आणि फोन वाजला.

‘शुभदा मॅडम का? माजिवड्याच्या मेडिकलवाल्यांनी नंबर दिला.’ आवाज तरुण होता आणि घाबरलेला. नवऱ्याला डायलिसिस सांगितलं होतं, उद्या पहिली वेळ.

‘शुभदा गेली हो,’ मी म्हटलं. ‘दीड महिना झाला.’

ती म्हणाली, ‘मग तुम्ही कोण?’

‘मी तिची वहिनी.’

‘बरं… मग तुम्हालाच विचारते. फार दुखतं का हो? ते विचारतायत सारखे. मी त्यांना काय सांगू?’

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिचं बोलणं कानावर पडूनही हे मला माहीत नव्हतं. पण ज्यांना माहीत आहे त्या गायकवाडकाकांचं नाव त्याच फोनमध्ये होतं.

‘एकांना विचारून सांगते,’ मी म्हटलं. ‘थोड्या वेळाने करा.’

‘याच नंबरवर ना?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘याच नंबरवर.’