चौदा दिवस गोळीविना

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ. दुबईजवळच्या अजमानचं आमचं घर. हजर: मी, विद्यापीठात जीवशास्त्र शिकणारी माझी मुलगी, आणि अबू धाबीकडच्या मुसफ्फाहून आलेला माझा धाकटा भाऊ. नवरा ड्युटीवर.

विषय एकच, भावाचं पोट. गेल्या वर्षी आई वसईत पोटाच्या कॅन्सरने गेली. त्याआधी मावशी. दोघींच्या दुखण्याला घरात शेवटपर्यंत पित्तच म्हणत होते. भावालाही पित्त आहे.

मुलीनेच मला समजावलं होतं, तेच तिने आज मामाला सांगितलं. जंतू आला की पेशी एकमेकींना निरोप पाठवतात, सूज आणा म्हणून. काहींच्या जीन्समध्ये एखादं अक्षर वेगळं असतं, आणि त्यांचा निरोप जरा जोरात जातो. पोटात एक ठरावीक जंतू असला तर सूज वर्षानुवर्षं उतरत नाही आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

"म्हणजे पेशीसुद्धा ताईसारख्याच," भाऊ म्हणाला. "एकदा सांगून थांबत नाहीत."

"मामा, बी सीरियस."

मला ती जीन्सचीच तपासणी हवी होती. कागद हातात आला की फाइलला लावता येतो. पण डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "कळून करणार काय? अक्षर बदलता येत नाही. असा फरक पुष्कळांत असतो, बहुतेकांना काही होत नाही. जंतू मात्र मारता येतो. आधी भावाची श्वासाची तपासणी करा."

ती त्याने केली होती, आणि आज रिपोर्ट आला होता. जंतू नाही.

"खलास, ताई! आता तुझ्या कामांच्या यादीतून काढ मला."

मी यादीत त्याच्या तपासणीपुढे बरोबरची खूण केली आणि शिरा करायला घेतला. रवा भाजत असतानाच डॉक्टरबाईंचा ठरलेला व्हिडिओ कॉल आला. रिपोर्ट बघून त्यांनी एवढंच विचारलं, "पित्ताची गोळी शेवटची कधी घेतली?"

"आज सकाळी. रोजच घेतो."

मग त्यांनी समजावलं. गोळी चालू असली की जंतू दबून राहतो, रिपोर्ट धरता येत नाही. निदान चौदा दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा तपासायचं. आणि गोळीशिवाय राहवतच नसेल, किंवा वजन उतरत असेल, तर वाट न बघता एंडोस्कोपी.

क्लिनिकने सूचना पाठवल्या होत्या. 'उपाशीपोटी जाणे' हे मी त्याला लिहून दिलं होतं. खालची ओळ गोळ्यांची होती, ती मी वाचलीच नव्हती. आणि गोळ्या त्याला देत कोण होतं? तो इथे आला तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, त्याच्या पोटाकडे बघ. अकरा वर्षं माझ्या महिन्याच्या यादीत एक ओळ आहे: 'भाऊ, पित्ताच्या गोळ्या, दोन पाकिटं.' एकही महिना चुकलेला नाही.

रवा करपला. मी गॅस बंद केला.

फ्रिजवर चौदा चौकोन आखून लावले. रोज सकाळी त्याचा मेसेज आला की मी खूण करायची. पाच झाल्या. सहाव्या दिवशी मेसेज नाही, म्हणून मी फोन केला.

"घेतली एक. वेल्डिंगला वाकताच येत नव्हतं, ताई."

"मग एंडोस्कोपी. गुरुवारची वेळ घेते."

"आत्ता साइटवर काम फार आहे. पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला."

मुलगी शेजारीच होती. फोन ठेवल्यावर हळूच म्हणाली, "मॉम, डिड यू सी हिज बेल्ट?"

पाहिला होता. पट्ट्याला आणखी आत, खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं. शनिवारीच पाहिलं होतं मी ते. लिहिलं नव्हतं.

गोळ्यांची ओळ आता खोडली आहे. गुरुवारी साडेनऊची वेळ मिळाली आहे, पण त्याने अजून रजा मागितलेली नाही. त्याच्या सुपरवायझरचा नंबर मी शोधून ठेवलाय. फोन करायचा राहिलाय.