तपासून तपासून ढिला केलेला स्क्रू

यमुनाबाईंच्या जबड्यातला स्क्रू मीच ढिला केला. तो पक्का बसलाय की नाही, हे तपासून तपासून.

ऐंशीच्या दशकात मी नागपूरच्या सदर भागात एका सरांच्या दवाखान्यात नवा डेंटिस्ट होतो. यमुनाबाई उमरेडच्या विणकर. मागावर धागा तुटला की गाठ मारायची आणि उरलेलं टोक दातानं तोडायचं, हा त्यांचा जन्माचा हात. पुढचा दात पडला आणि काम अडलं. आम्ही दिलेला काढघालीचा दात धाग्याबरोबर बाहेर यायचा.

"एखाद्या दिवशी हा दात लुगड्यातच विनला जाईन," त्या म्हणाल्या.

म्हणून इम्प्लांट. म्हणजे हाडात बसवलेला छोटा स्क्रू. काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग त्यावर दात. पकड मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. तोंडात घालायच्या आरशाच्या दांड्यानं स्क्रूच्या डोक्यावर टिचकी मारायची. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर पंचाईत.

माझं हे पहिलंच इम्प्लांट. बाई दर बुधवारी सूत घ्यायला नागपूरला येत. मी दर बुधवारी टिचकी मारी. आवाज छान यायचा, पण माझं समाधान होईना. मग दोन दांड्यांत धरून हलवून बघायचो. हलत नाही? मग जरा जोरात.

"काहून हालवून राहिले जी?"

"पक्का आहे का बघतोय."

"मांगच्या बुधवारी तं होता!"

सहाव्या बुधवारी आवाज बद्द आला. स्क्रू हलला. सरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"किती वेळा तपासलंस?"

"दर आठवड्याला, सर."

"आणि हाडानं धरायचं कधी?"

स्क्रू काढताना जोरही लागला नाही. बाईंनी जुना काढघालीचा दात पुन्हा तोंडात बसवला. ते जास्त लागलं.

हाड भरल्यावर त्या नव्या स्क्रूसाठी पुन्हा खुर्चीत बसल्या, हे माझं नशीब. या वेळी सरांचा हुकूम होता: सहा महिने हात लावायचा नाही. बुधवारी बाई आल्या की मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घालायचो.

सहा महिन्यांनी टिचकी मारली. खणखणीत! दात बसवला. बाईंनी पिशवीतून सुताची लड काढली, एक धागा दातात धरला आणि कट्‌कन तोडला. यापेक्षा चांगलं मोजमाप मला आजवर सापडलेलं नाही. काही गोष्टी न तपासल्यानंच पक्क्या होतात, एवढं मात्र शिकलो.

तरी सवयीनं माझा हात आरशाकडे गेलाच.

"ठेवा तो खाली," बाई म्हणाल्या. "मागाचा खुंटा रोवून रोज हालवून पाह्यला, तं खड्डाच मोठा होते जी. एवढं शिकले, अन् हे कोनी नाही शिकवलं तुमाले?"